‘सात दाखवतोय म्हणजे ठीक आहे’: मदत मागण्याच्या नियमांबद्दल थोडी तक्रार

मागच्या पावसाळ्यात मी काही हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मंडळींना एक प्रश्न पाठवला होता. ओळखीचं कोणी नाही. जुनी उपकरणं उघडून दुरुस्त करायची आवड असलेले लोक, एवढाच परिचय. तो प्रश्न जसाच्या तसा देतो, कारण आज त्याचंच पोस्टमॉर्टेम करायचंय:

‘आदरणीय सर, आमच्या लॅबमधील पीएच मीटरची आयसी गेली आहे. त्या जागी कोणती आयसी चालेल? फोटो जोडला आहे. थिसिसचे काम अडले आहे, कृपया लवकर कळवावे.’

चार वाक्यं. तुम्ही पीएच.डी.ला नुकतेच लागला असाल किंवा पेटची तयारी करत असाल, तर हे वाचून ‘यात चुकलं काय?’ असं वाटेल. मलाही वाटलं नव्हतं. नम्रता आहे, फोटो आहे, नेमका प्रश्न आहे. उत्तरही आलं, तेही दोन तासांत. एकाने फोटो मोठा करून बघितला आणि आठ पायांची ती आयसी बहुधा सीए ३१४० असावी, तीच आणून लावा, असं सांगितलं. माझ्या प्रश्नाचं हे अगदी बरोबर उत्तर होतं. पुण्याला जाणाऱ्या मित्राकडून तापकीर गल्लीतून दोन आयसी मागवल्या. जुनी काढली, नवी सोल्डर केली, मीटर चालू केला.

७.००.

आधीही ७.०० च दाखवत होता. लिंबाच्या रसात घाला, साबणाच्या पाण्यात घाला, ७.००. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, तसं झालं होतं. फक्त इंजेक्शन कुठलं द्यायचं ते मी फार नम्रपणे विचारलं होतं.

अशा वेळी जाणती मंडळी एका मजकुराकडे बोट दाखवतात: एरिक रेमंड आणि रिक मोएन यांचा ‘हाऊ टू आस्क क्वेश्चन्स द स्मार्ट वे’. २००१ मध्ये आलेला हा लांबलचक निबंध सॉफ्टवेअरच्या जगात जवळपास कायद्यासारखा वापरला जातो. प्रश्न विचारण्याआधी स्वतः काय शोधलंत ते सांगा, आपला अंदाज सांगू नका तर लक्षणं सांगा, घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने मांडा, मधली पायरी विचारू नका तर शेवटी काय साधायचंय ते सांगा, ‘अर्जंट’ म्हणू नका, लाचारी म्हणजे गृहपाठ नव्हे, आणि काम झाल्यावर कशाने झालं ते परत येऊन कळवा. संशोधन पद्धतीच्या पेपरात जे आपण पाठ करून विसरतो, त्यातलं बरंच यात जिवंत स्वरूपात आहे. म्हणून वाचा, हे आधीच सांगून टाकतो. खालची तक्रार वाचून कोणी तो बाजूला ठेवला तर नुकसान तुमचंच.

माझा प्रश्न या नियमांवर घासला तर कसा टिकतो? ‘आयसी गेली आहे’ हा अंदाज, लक्षण नव्हे. ‘कोणती आयसी चालेल’ ही मधली पायरी. मला आयसी नको होती, मातीचा पीएच हवा होता. ‘लवकर कळवावे’ म्हणजे अर्जंट. ‘आदरणीय सर’बद्दल काय म्हणावं! आपल्याकडे शिपायाच्या रजेच्या अर्जापासून कुलगुरूंच्या निवेदनापर्यंत एकच मायना, तो इथेही चिकटवला. थोडक्यात, रेमंडच्या परीक्षेत मी नापास, आणि ते योग्यच.

पण तक्रार इथूनच सुरू होते. समजा मी नियम पाळले असते. लक्षणं लिहिली असती. काय लिहिलं असतं? मला माहीत आहे काय लिहिलं असतं, कारण माझ्या वहीत ते आहे: ‘७ च्या बफरमध्ये मीटर बरोबर ७.०० दाखवतो.’ मी हे मीटरच्या तब्येतीचा पुरावा म्हणून लिहिलं असतं. आणि बिघाड नेमका त्याच वाक्यात लपलेला होता.

इथे जरा थांबून मीटर कसा चालतो ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. काचेचा इलेक्ट्रोड द्रावणात बुडवला की तो थोडासा व्होल्टेज देतो. पीएच ७ ला हा व्होल्टेज शून्याच्या आसपास. तिथून दर एका पीएचमागे, २५ अंश सेल्सिअसला, सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक. म्हणजे ४ च्या बफरमध्ये साधारण १७७ मिलिव्होल्ट. मीटर हा व्होल्टेज मोजतो आणि आकडा पीएचमध्ये बदलून दाखवतो. आता समजा इलेक्ट्रोडची वायर कुठेतरी शॉर्ट झाली. व्होल्टेज शून्य. मीटर प्रामाणिकपणे काय सांगेल? शून्य मिलिव्होल्ट म्हणजे पीएच ७. मेलेला इलेक्ट्रोड आणि ७ च्या बफरमधला ठणठणीत इलेक्ट्रोड मीटरला सारखेच दिसतात.

आमच्याकडे ४ आणि ९.२ च्या बफर गोळ्या संपल्या होत्या. मागणी केलेली होती, फाईल फिरत होती. तोवर आम्ही रोज फक्त ७ वर मीटर लावून घेत होतो. म्हणजे ज्या एकाच जागी हा बिघाड दिसणं शक्य नव्हतं, त्याच जागी रोज सकाळी तपासणी करून आम्ही निर्धास्त होत होतो.

लक्षणं सांगा, अंदाज नको, हा नियम ऐकायला निर्विवाद वाटतो. पण काय लक्षण आहे आणि काय नाही हे ओळखायला आधी यंत्र समजलेलं असावं लागतं. डॉक्टरांकडे गेलेला माणूस ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, डावा हात जड झालाय हे सांगत नाही, कारण त्याचा पोटाशी काय संबंध? डॉक्टर विचारतो म्हणून ते बाहेर येतं. रेमंडच्या निबंधात जवळजवळ सगळं ओझं विचारणाऱ्याच्या डोक्यावर आहे. उत्तर देणाऱ्यांसाठी शेवटी एक छोटा भाग आहे, त्यात सौम्यपणे वागा, माहीत नसेल तर तसं सांगा, असे बरे सल्ले आहेत. पण तो भाग शेपटासारखा. निबंधाचं धड सांगतं की चांगलं उत्तर मिळणं हे तुझ्या प्रश्नाच्या लायकीवर आहे.

सॉफ्टवेअरमध्ये हे काही अंशी चालून जातं. माझ्याकडे जो प्रोग्राम आहे त्याचीच हुबेहूब प्रत उत्तर देणाऱ्याकडे असते, तो स्वतः चालवून बघू शकतो. माझा पीएच मीटर मात्र जगात एकच. त्याच्या पिनवरचा गंज, खोलीतली ओल, कोणी ओल्या हाताने काढला-घातला, हे सगळं त्या एकाच नगाचं. लांबच्या माणसाला ते दिसत नाही, आणि मला दिसतं पण महत्त्वाचं वाटत नाही. ही दरी एकट्या विचारणाऱ्याने नियम पाळून भरत नाही.

ही दरी ज्याला नीट कळली होती असा माणूस म्हणजे बॉब पीझ. नॅशनल सेमिकंडक्टरमधला ॲनालॉगवाला. १९८९ मध्ये ईडीएन मासिकात त्याने लेखमाला सुरू केली, तिचं पुस्तक १९९१ मध्ये आलं: ‘ट्रबलशूटिंग ॲनालॉग सर्किट्स’. त्याला सारखे लोकांचे फोन यायचे, माझं सर्किट चालत नाही म्हणून. फोनवरून दुरुस्ती करणं किती अवघड, यावर पुस्तकात वेगळा भागच आहे. पण फोन करणाऱ्याला तो नियमावली पाठवत नाही. स्वतः प्रश्न विचारतो. पहिल्याच प्रकरणात तो चार प्रश्न देतो, त्यांचा आशय असा: हे कधी तरी नीट चाललं होतं का? आता नीट चालत नाही हे तुम्हाला कशावरून कळलं? कधीपासून? आणि त्याच्या आधी, नंतर किंवा त्याच वेळी आणखी काय घडलं?

दिसायला किती भाबडे प्रश्न! पण माझ्या मीटरवर लावून बघा. ‘नीट चाललं होतं का?’ याचं माझं उत्तर ‘हो, मंगळवारपर्यंत’. ‘कशावरून नीट?’ ‘७ मध्ये ७ दाखवायचा.’ ‘आणि ७ सोडून दुसऱ्या कशात?’ इथे मी गप्प झालो असतो. गप्प झालोच.

कारण आयसी बदलूनही काही झालं नाही असं कळवल्यावर एका दुसऱ्याच गृहस्थांनी मला हिंदीत लिहिलं. कुठले, काय करतात, मला आजही माहीत नाही. त्यांनी सल्ला दिला नाही, फक्त विचारलं. ७ शिवाय दुसऱ्या बफरमध्ये शेवटचं बरोबर रीडिंग कधी आलं होतं? प्रोब काढून ठेवला तर मीटरवर काय दिसतं? बीएनसीच्या मधल्या पिनला आणि बाहेरच्या कड्याला तारेने जोडलं तर? आणि प्रोब ठेवता ती खोली कोरडी आहे का?

प्रोब काढल्यावर आकडे वाऱ्यावर सोडल्यासारखे भटकायला लागले. तारेने जोडल्यावर ७.००. म्हणजे मीटर जिवंत होता. मग त्यांनी खोटा इलेक्ट्रोड बनवायला सांगितला: दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, ७५ किलोओहम आणि १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक, आणि १० किलोओहमच्या दोन टोकांवरून वायर मीटरला. गणित करा, १७६ मिलिव्होल्टच्या आसपास येतं. मीटरने चारच्या जवळचा आकडा दाखवला. खर्च चहाच्या कपाइतका. आयसी निर्दोष होती, जी मी उपटून टाकली तीही. दोष प्रोबच्या वायरीला लावलेल्या बीएनसी पिनमध्ये होता. आत हिरवट गंज आणि ओल.

मधे आणखी एकाने मल्टिमीटरने सरळ प्रोबचा व्होल्टेज मोजून सांगा, असं सुचवलं होतं. सल्ला प्रामाणिक होता, आणि मी तो पाळलाही असता. पण काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचा रोधच १०० मेगाओहमच्या घरात असतो, म्हणजे दहा कोटी ओहम. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा रोध १० मेगाओहम. चांगला इलेक्ट्रोड ४ च्या बफरमध्ये बुडवून मल्टिमीटर लावला तर १७७ च्या जागी १६ मिलिव्होल्ट दिसतील, उरलेलं मोजण्यातच खाल्लं जाईल. चांगला प्रोबही मेल्यासारखा दिसेल आणि मी नवा मागवीन. पीएच मीटरच्या तोंडाशी सीए ३१४० सारखी आयसी असते ती याचसाठी, तिचा रोध दीड टेराओहम, म्हणजे दीड लाख कोटी ओहमच्या घरात. ‘मोजून सांगा’ ही मागणी करतानाही कशाने मोजायचं हे विचारणाऱ्याने सांगितलं पाहिजे. हा नियम रेमंडच्या निबंधात शोधू नका, त्याच्या जगात त्याची गरज नव्हती.

ओल पूर्ण शॉर्ट करते तेव्हा ७.०० येतो आणि माणूस निदान सावध होतो. पण त्याआधीचे आठवडे? गळती हळूहळू वाढते. इलेक्ट्रोड १०० मेगाओहमचा आणि ओलीची गळती ४०० ची असेल, तर व्होल्टेजचा पाचवा हिस्सा गायब. ८.२ पीएचची माती ७.९६ दिसेल. गळती १०० वर आली की निम्मा व्होल्टेज गायब, तीच माती ७.६. आकडा कुठेही वेडावाकडा दिसत नाही. उलट फार सुंदर दिसतो. तेरणेच्या काठच्या आमच्या काळ्या रानांचा पीएच आठाच्या वर असणं नेहमीचं. माझ्या वहीत जून ते ऑगस्ट तो उताराला लागला होता, आणि पावसाने क्षार खाली धुपून गेल्यामुळे असं होत असावं, असं एक वाक्य मी मसुद्यात लिहूनही ठेवलं होतं. गाईडनाही पटलं होतं. ओलीची खूण होती ती, पण मातीतल्या नव्हे, बीएनसी पिनमधल्या.

म्हणून म्हणतो, बंद पडलेलं यंत्र त्यातल्या त्यात बरं. ते निदान सांगतं तरी. मी मदत मागितली ती यंत्र बंद पडल्यावर. खरं तर ते खोटं बोलायला लागलं तेव्हाच मागायला हवी होती, आणि तेव्हा माझ्याकडे विचारायला प्रश्नच नव्हता. मदत कशी मागावी याची जी काही नियमावली मी वाचली आहे ती ‘आता अडलंय’ इथून सुरू होते. संशोधकाचं अडणं बहुतेक वेळा त्याला कळतच नाही.

रेमंडच्या निबंधातली आणखी एक गोष्ट खटकते, भाषेची. उत्तर देणाऱ्यांची भाषा माहीत नसेल तर इंग्रजीत लिहा, नाहीतर प्रश्न वाचलाच जाणार नाही, असं तो स्पष्ट सांगतो. व्यवहार म्हणून खरं आहे, वाद नाही. शिवाय परक्या भाषेतल्या चुका थोड्या पोटात घालू, आळस घालणार नाही, असंही म्हणतो, तेही ठीक. पण ढिसाळ लिहिणारा ढिसाळ विचार करतो, असा जो सूर आहे तो आपल्या बाबतीत उलटा पडतो. इंग्रजीत लिहिताना आपण चुकू नये म्हणून छापील वाक्यं वापरतो, आणि छापील वाक्यात निरीक्षण मावत नाही. ‘प्रोब काढला की आकडे भिरभिरतात आणि हात जवळ नेला की जास्त भिरभिरतात’, हे मला मराठीत सहज सांगता आलं असतं. इंग्रजीत मी त्याचं ‘मीटर नॉट वर्किंग प्रॉपरली’ केलं असतं. व्याकरण शुद्ध, माहिती शून्य. तेव्हा आधी मराठीत, बोलता तसं, जे दिसलं ते सगळं लिहून काढा. मग भाषांतर करा, मोडकंतोडकं झालं तरी चालेल. माझ्याशी हिंदीत बोलणारा माणूस भेटला हे नशीब, त्यावर पद्धत उभी राहत नाही.

पीझचे प्रश्न वाचताना मला राहून राहून धाराशिवच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली आठवण येत होती. लहानपणी वडिलांबरोबर टेप घेऊन गेलो की तिथले काका स्क्रू काढायच्या आधी एकच प्रश्न करायचे, ‘आधी कुणी उघडलाय का?’ वडील दर वेळी नाही म्हणायचे आणि दर वेळी तो मीच उघडलेला असायचा. हा पीझचा पाचवा प्रश्न व्हायला हरकत नाही. कारण बीएनसी साफ करून, अल्कोहोलने पुसून, सुकवून लावला तरी आमचा मीटर पूर्ण बरा झाला नाही. ४ च्या बफरमध्ये (गोळ्या शेजारच्या विभागातून उसन्या आणल्या) उतार ८८ टक्केच येत होता. हिंदीवाल्या गृहस्थांना कळवलं तर त्यांचा प्रश्न: आयसी सोल्डर केल्यावर बोर्ड पुसला होता का? नव्हता. फ्लक्सचा चिकट थर आयसीच्या पायांमध्ये तसाच होता आणि तोही गळती करत होता. पहिला बिघाड पावसाचा, दुसरा माझा. ब्रशने अल्कोहोल लावून बोर्ड घासला, उतार ९७ वर आला.

एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी. पीएच मीटर जन्मला तोच मुळी अशा मदतीतून. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात ग्लेन जोसेफ नावाचा रसायनशास्त्रज्ञ लिंबूवर्गीय फळांच्या रसाची आम्लता मोजताना अडला, आणि कॅलटेकमधल्या आपल्या जुन्या सहाध्यायाकडे, अरनॉल्ड बेकमनकडे गेला. काचेचा इलेक्ट्रोड नाजूक, आणि त्याचा इवलासा प्रवाह गॅल्व्हनोमीटरला पेलेना. बेकमनने त्यासाठी व्हॅक्यूम ट्यूबचा ॲम्प्लिफायर जोडून दिला. थोड्याच दिवसांत जोसेफ आणखी एक यंत्र मागायला परत आला, आणि तेव्हा बेकमनच्या लक्षात आलं की हे विकताही येईल. माझ्यासारखं ‘गॅल्व्हनोमीटरची कॉइल कुठली लावू’ एवढंच जोसेफने विचारलं असतं तर? अर्थात ते दोघं समोरासमोर होते, मित्र होते, आणि बेकमनला रस वाटला. रेमंडचा नियम जोसेफने न वाचता पाळला, हे खरं. पण समोरचा बेकमन होता, हेही तितकंच खरं.

जाता जाता एक सावधगिरी, हिच्यावर वाद नको. पीएच मीटर नऊ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा असेल तर उघडून बघायला भीती नाही. सेंट्रिफ्यूज, हॉट प्लेट, एसएमपीएस असलेलं काहीही, हे मात्र कोणाच्या लांबून दिलेल्या सल्ल्यावर उघडू नका. २३० व्होल्ट एसी रेक्टिफाय होऊन मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी उभा असतो, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो तिथेच बसून असतो. उत्तर देणारा कितीही जाणकार असला तरी त्याचा हात तिथे नसतो, तुमचा असतो.

माझ्या नमुन्यांचं काय झालं? माती वाळवून पिशव्यांत ठेवलेली होती, त्यामुळे बहुतेक नमुने पुन्हा मोजता आले. काहींची माती दुसऱ्या चाचण्यांत संपली होती, त्यांच्या ओळी वहीत लाल रेघ मारून तशाच ठेवल्यात. पावसाने क्षार धुपल्याचं ते वाक्य मसुद्यातून काढलं. गाईडना सांगायला जरा जड गेलं, पण सांगितलं.

आणि नियमाप्रमाणे, कशाने काम झालं ते त्या गृहस्थांनाही सविस्तर कळवलं, सगळे आकडे देऊन. मला वाटलं शाबासकी येईल. आला तो आणखी एक प्रश्न: माती आठाच्या वर आहे म्हणता, मीटर ४ आणि ७ वर लावलात, मग ९.२ मध्ये काय दाखवतो? मी म्हटलं, ९.२ च्या गोळ्या अजून आलेल्या नाहीत, फाईल फिरतेय. त्यांनी लिहिलं, ३.८१ ग्रॅम बोरॅक्स, उकळून गार केलेल्या एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये. २५ अंशाला ९.१८.

बोरॅक्सची बाटली आमच्याच कपाटात होती, वरून दुसऱ्या फळीवर.